काच फुटते कशी, ते विचारा
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कपाटाच्या काचेच्या दारांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा प्रश्न एकच, ‘मजबूत काच कुठली?’ साताऱ्यात आमचं काचेचं दुकान वडिलांनी काढलं आणि 1991 पासून गल्ल्यावर मी बसते. गल्ल्यावर लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या ठेवल्यात. एकीत टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेचे दाणे आहेत, खडीसाखरेसारखे. दुसरीत साध्या काचेचा एकच तुकडा, वीतभर लांब, टोकाला निमुळता. गिऱ्हाईक म्हणालं, ‘दोन्हीत फरक काय, पैसे सोडून?’, की मी बरण्या पुढे सरकवते. बहुतेक वेळा पुढे बोलावं लागत नाही. इथे बरण्या दाखवता येत नाहीत, म्हणून लिहिते.

प्रश्न : ताई, नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये शॉवरला काचेचं पार्टिशन करायचं आहे. ठेकेदार म्हणतो, 8 एमएमची काच आहे, जाड आहे, फुटायची नाही. टफनच लागते का? आणि टफनचे पैसे घेऊन त्याने साधी लावली तर आम्हाला कळणार कसं? — वाचक, चिंचवड

उत्तर : जाड साधी काच फुटली तर तिचे तुकडेही जाडच पडतात, हे ठेकेदाराला सांगा. बाथरूममध्ये माणूस घसरतो तेव्हा हात नाही, सगळं अंग काचेवर जातं. अशा वेळी साधी काच सुरीसारखी चिरते आणि वरच्या चौकटीत लटकलेला तुकडा मागाहून खाली येतो. तो जास्त वाईट. तेव्हा टफनच, वाद नको.

टफन म्हणजे वेगळ्या मालाची काच नव्हे. साधीच काच मापाने कापून, कडा घासून, भोकं पाडून भट्टीत घालतात. साधारण 620 ते 650 अंशांपर्यंत तापली की दोन्ही बाजूंनी जोरात हवा मारतात. बाहेरची कातडी आधी आवळते, आतला गर मागून थंड होताना आक्रसू बघतो आणि कातडीला आत ओढून धरतो. दोरीने करकचून बांधलेलं गाठोडं डोळ्यांपुढे आणा. म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट मार सोसते, आणि म्हणूनच दोरी कुठेही तुटली की सगळं गाठोडं एकदम सुटतं. काचेचे दाणे होतात. खरचटतं, पण शीर कापली जाण्याचा धोका पुष्कळ कमी.

आता ओळखायचं कसं. पहिली खूण कोपऱ्यातला शिक्का. बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयची खूण त्या शिक्क्यात असते. इमारतीत वापरायच्या सुरक्षा काचेचं आपल्याकडचं मानक आयएस 2553, भाग 1. शिक्का भट्टीत भाजून निघालेला असतो, नखाने खरवडून जात नाही. नुसता स्टिकर असेल तर मानू नका.

दुसरी खूण : पोलराइज्ड गॉगल घाला आणि सकाळच्या तिरप्या उजेडात काचेकडे बघा. टफन काचेवर पुसट करडे ठिपके किंवा पट्टे दिसतात. जिथे हवेचे झोत बसले त्यांचे ते वळ. मोटारीच्या मागच्या काचेवर तुम्ही हे कधीतरी पाहिलं असेल आणि डाग समजून पुसायलाही गेला असाल.

तिसरी खूण सगळ्यात सोपी. टफन झालेली काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. कारागिराने तुमच्या दारात बसून हिराकणी फिरवली आणि पाव इंच काढून टाकला, तर ती काच साधी. तिथेच थांबवा.

याच कारणाने एक जास्तीची गोष्ट सांगते, जी ठेकेदार सांगत नाहीत. माप फरशी आणि टाइल बसल्यावरच घ्यायचं, आणि भिंतीला ओळंबा लावून वर, मध्ये, खाली असं तीनदा घ्यायचं. भिंत दहा एमएम बाहेर असेल तर लाकूड रंधता येतं, टफन नाही. चुकलेली टफन काच म्हणजे दुकानात उभी राहिलेली रक्कम. आमच्याकडे अशा अकरा उभ्या आहेत.

बिजागऱ्यांचाही हिशोब करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीला अडीच किलो. दोन मीटर उंच, पाऊण मीटर रुंद, 8 एमएमचं दार म्हणजे 30 किलो. हलक्या पितळी मुलाम्याच्या बिजागऱ्या तीन पावसाळ्यांत मान टाकतात, दार खाली बसतं, कोपरा फरशीला लागतो. आणि कोपरा लागला की काय होतं, ते पुढच्याच पत्रात आहे.

प्रश्न : रात्री दोनच्या सुमाराला बाँबसारखा आवाज झाला. उठून बघतो तर जेवणाच्या टेबलाच्या काचेचे हजार तुकडे. कोणी जवळही नव्हतं. काच टफन होती, दोन वर्षं जुनी. सासूबाई म्हणतात, नजर लागली. — वाचक, सोलापूर

उत्तर : सासूबाईंचं मन मोडू नका, पण नवी काच घेताना एवढं वाचा.

आपोआप फुटण्याची कारणं मुख्यतः दोन. एक, कडेला कधीतरी बसलेला टवका. टफन काचेचं पोट दणकट, कड नाजूक. कोपऱ्यावर स्टीलचं भांडं आपटलं, बारीक टवका उडाला, तुम्ही विसरलात. तो टवका हळूहळू आत सरकतो आणि ज्या क्षणी ताणाच्या थरात पोचतो, त्या क्षणी सगळं सुटतं. तो क्षण रात्री दोनचाही असू शकतो.

दुसरं कारण काचेच्या पोटात असतं. काच वितळवताना कच्च्या मालातून निकेल आणि गंधक आत येतं आणि निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा खडा तयार होतो. भट्टीच्या तापमानाला तो आकाराने लहान असतो. हवेने काच झटक्यात थंड होते, खडा त्याच रूपात अडकून राहतो, आणि मग महिन्यांनी, वर्षांनी सावकाश फुगतो. साध्या काचेत फुगला तर कोणाला कळतही नाही. टफनमध्ये मात्र तो गाठोड्याची दोरी आतून कापतो.

तुकडे अजून टाकले नसतील तर जिथून फूट सुरू झाली ती जागा शोधा. शेजारी शेजारी दोन थोडे मोठे तुकडे, फुलपाखराच्या पंखांसारखे जोडलेले दिसले आणि ती जागा काचेच्या मध्यात असली तर संशय खड्यावर. फूट कडेपासून सुरू झालेली दिसली तर टवका. अर्थात टेबलाच्या काचेचा खाली पडून चुरा झालेला असतो, त्यातून हे सापडणं नशिबाचा भाग. चौकटीतल्या काचेत जास्त नीट दिसतं.

खड्यावर उपाय आहे, त्याला हीट सोक म्हणतात. टफन झालेली काच पुन्हा साधारण 290 अंशांवर काही तास ठेवतात. ज्या काचेत खडा असेल ती बहुधा तिथेच फुटते, तुमच्या घरात नाही. टेबलासाठी मी हा खर्च सांगत नाही. उंच इमारतीच्या दर्शनी काचेसाठी, डोक्यावर येणाऱ्या काचेसाठी नक्की सांगते.

कोपऱ्याची माझी शिकवणी महाग पडली. 2009 साली कापडाच्या एका दुकानासाठी 12 एमएमचं टफन दार आणलं. आमची दोन पोरं टेम्पोतून उतरवत होती. नियम असा की काच टेकवायच्या जागी आधी लाकडाच्या दोन पट्ट्या आणि त्यावर पोतं. त्या दिवशी पट्ट्या टेम्पोतच राहिल्या. खालचा कोपरा कोटाच्या फरशीला लागला. फार जोरात नाही, आपण कप खाली ठेवतो तेवढाच. दार दोघांच्या हातात होतं आणि पुढच्या क्षणी हातात काहीच नव्हतं. घोट्यापर्यंत दाणे. एकाच्या मनगटावर ओरखडे उठले, बाकी काही नाही. त्याने आधी हात बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्यांकडे बघत होते. दाराचे पैसे माझ्याकडून गेले, पण साधी काच असती तर पैशावर भागलं नसतं.

तुमच्या टेबलासाठी : पुन्हा टफनच घ्या, कडा गोल घासून, कोपरे वळवून. खाली रबराच्या किंवा सिलिकॉनच्या टिकल्या लावा. लोखंडी पायावर काच थेट ठेवू नका.

प्रश्न : आमची नवव्या मजल्यावरची बाल्कनी आहे. सोसायटीत सगळे लोखंडी रेलिंग काढून काचेचं करताहेत. 12 एमएम टफन असं कोटेशन आलंय. नातू चार वर्षांचा आहे. चालेल का? — वाचक, डोंबिवली

उत्तर : मी त्या कोटेशनवर सही केली नसती.

विचार असा करा. शॉवरची काच फुटली, दाणे झाले, तुम्ही बाथरूममध्येच उभे. रेलिंगची काच फुटली, दाणे झाले, आणि नातवाच्या पुढे नवव्या मजल्यावरची मोकळी हवा. शिवाय ते दाणे सुटे पडतीलच असं नाही, चिकटलेल्या ढेकळांनी खाली जातात आणि खाली कोणीतरी दूध घेऊन येत असतं. काच आडवी येण्यासाठी लावायची असेल तर फुटल्यावरही तिने जागा सोडता कामा नये. हे काम लॅमिनेटेडचं.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक, चिवट थर घालून उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेली काच. फुटते, पण तुकडे थराला धरून राहतात. ही कल्पना फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस या रसायनतज्ज्ञाला सुचली. 1903 साली त्याच्या हातून एक काचपात्र पडलं, तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. आत कधीतरी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेट वाळून आतल्या बाजूला पापुद्रा धरला होता. पेटंट 1909 चं. पहिल्या महायुद्धात गॅसपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना अशी काच वापरली गेली.

तुमच्यासाठी मागा ते टफन करून मग लॅमिनेट केलेली काच. बाजारात 6 एमएमच्या दोन काचा आणि मध्ये 1.52 चा थर, असं धरून ‘13.52’ म्हणतात. जाडी आणि थर किती, हे शेवटी तुमच्याकडच्या वाऱ्याचा जोर, काचेची उंची आणि ती कशी धरली आहे यावर ठरतं, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद घ्या. काच नुसती खालच्या खाचेत रोवून उभी करणार असतील आणि वर हात धरायला पाइपही नसेल, तर दोन्ही काचा टफन असलेली पीव्हीबीची काच पूर्ण फुटल्यावर ओल्या सतरंजीसारखी लवंडू शकते. अशा ठिकाणी जास्त ताठ थर मिळतो, बाजारात त्याला एसजीपी म्हणतात. महाग आहे. मी म्हणते वर स्टीलचा पाइप घ्या, तो दोन्ही टोकांना भिंतीत पक्का करा. देखणेपण थोडं कमी होईल. नातू मोठा होईपर्यंत चालवून घ्या.

आणखी दोन गोष्टी, ज्या पहिल्या पावसाळ्यानंतर कळतात. खालच्या खाचेतून पाणी बाहेर जायला वाट हवी. पाणी साचलं की लॅमिनेटेड काचेची कड पांढुरकी, ताक सांडल्यासारखी दिसू लागते आणि थर सुटत जातो. दुसरं, कडेला कुठलं सिलिकॉन भरताहेत ते हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते अॅसिडचं. ते पीव्हीबीला मानवत नाही. न्यूट्रल सिलिकॉन मागा, ट्यूबवर लिहिलेलं असतं. कारागीर नाक मुरडेल, मुरडू दे.

गच्चीच्या जिन्यावर किंवा दारावर काचेचं छत करणाऱ्यांनाही हेच उत्तर. डोक्यावर एकेरी टफन नको, लॅमिनेटेडच.

प्रश्न : गौरीच्या जेवणाला काचेच्या शेगडीवर पुरणाचं मोठं पातेलं दीड तास होतं. उतरवून ओलं फडकं फिरवलं आणि काच फाडकन फुटली. कंपनीला दोष द्यावा की मला? — वाचक, लातूर

उत्तर : पातेल्याला द्या. शेगडीची काच टफन असते आणि ती साधारण 200 अंशांचा फरक सोसते. साधी काच 40 च्या आसपास हार मानते. पण रुंद बुडाचं पातेलं आच खाली दाबतं, ज्वाळा कडेने काचेवर पसरते. बर्नरभोवतीची काच लालबुंद तव्याशेजारी बसल्यासारखी तापते, कडेची थंडच राहते. त्यात ओलं फडकं. कडेला आधीचा टवका असेल तर बघायलाच नको. मोठा स्वयंपाक स्टीलच्या शेगडीवर किंवा खालच्या भट्टीवर करा. काच पूर्ण निवल्याशिवाय पुसू नका. बर्नर वाकडा जळत असेल, ज्योत पिवळी पडली असेल तर आधी ते साफ करून घ्या.

प्रश्न : मोटारीच्या पुढच्या काचेला खडा लागून चांदणीसारखा तडा गेलाय. मेकॅनिक म्हणतो पूर्ण काच बदला. आणि गाडी पाण्यात पडली तर फोडायला हातोडी ठेवावी का? — वाचक, नागपूर

उत्तर : मोटारीची पुढची काच कायद्यानेच लॅमिनेटेड, म्हणून खडा लागूनही ती जागेवर आहे. चांदणी नाण्याएवढी असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि कडेपर्यंत गेली नसेल, तर राळ भरून ती थांबवता येते. तोपर्यंत वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळपाणी आत गेलं की राळ नीट धरत नाही. नागपुरी मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बसून एसीचा झोत एकदम काचेवर सोडू नका. चांदणीची रेघ तिथेच लांबते.

हातोडी ठेवा, पण डिकीत नको, हाताशी. ती बाजूच्या टफन काचेसाठी. मारायची कोपऱ्याजवळ, मध्ये नाही. पुढच्या काचेवर मारत बसलात तर फक्त जाळी पडेल. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात, त्या हातोडीने मोकळ्या होत नाहीत. म्हणून आज संध्याकाळी खाली जाऊन चारही काचांच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. टेम्पर्ड (म्हणजे टफनच) की लॅमिनेटेड, ते तिथे असतं.

काळी फिल्म लावून घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नाही म्हटलं आणि नियम आजही पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत यायला हवा असं सांगतो.

प्रश्न : आमच्या जुन्या शाळेच्या जिन्यात तारेची जाळी घातलेल्या काचा आहेत. त्या सगळ्यात मजबूत ना? — वाचक, मिरज

उत्तर : दिसतात तशा, पण नाहीत. तार आगीसाठी आहे. तापून काच तडकली तरी जाळी तिला चौकटीत धरून ठेवते, धूर आणि ज्वाळा अडवते. धक्क्याला मात्र ती साध्या काचेपेक्षाही कच्चीच. पोराचा हात आरपार गेला तर ओढून घेताना काच आणि तार दोन्ही लागतात. मुलांच्या उंचीपर्यंतच्या तावदानांवर निदान चांगली सेफ्टी फिल्म लावून घ्या, जमेल तेव्हा बदला. काच चौकटीत धरणारी लांबी (पुट्टी) सुटलेली तावदानं आधी.

प्रश्न : फुटलेली काच कचऱ्यात कशी द्यावी? — वाचक, रत्नागिरी

उत्तर : हा प्रश्न विचारणारं या वेळचं एकच पत्र, म्हणून मला फार आवडलं. साधी काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी मारा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. पिशवीत ओल्या कचऱ्याखाली दडवू नका, त्याचे हात त्याच पिशवीत जातात. साधी काच आमचा भंगारवाला नेतो. लॅमिनेटेड नेत नाही, त्याला थर सोडवायचा कुठे?

टफनचे दाणे झाडून घेतल्यावरही फटीत कण राहतात. चपला घालून, कणकेचा सैलसर गोळा करून फरशीवरून फिरवा, कोपऱ्यात दाबा. विजेरी जमिनीलगत आडवी धरलीत तर राहिलेले कण चमकतात, तिथे पुन्हा फिरवा. आणि तो गोळा कागदात बांधून काचेबरोबरच द्या. आमच्या शेजारणीने सवयीने गाईपुढे टाकला होता, मी धावत जाऊन उचलला.